सायलेन्सर म्हणजे टायर नव्हे

जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या मंडळींत एक मत हल्ली फार आत्मविश्वासाने मांडले जाते. एक्झॉस्ट हा झिजणारा भाग आहे. टायर झिजतो, ब्रेकचे लायनर झिजते, स्पार्क प्लग जळतो, तसाच सायलेन्सर गंजतो. १९७० सालच्या गाडीत १९७० सालचे ऑइल कुणी शोधत बसत नाही, मग त्याच सालचा गंजका पत्रा शोधण्यात कसले आले शहाणपण? स्टेनलेसची नवी जोडी बसवा, जुनी भंगारवाल्याला द्या आणि गाडी चालवा. मूळ एक्झॉस्टसाठी पैसे मोजणारे लोक एकतर सटोडिये, नाहीतर सोवळे पाळणारे.

ऐकायला हे सगळे व्यवहारी वाटते, म्हणून ते पटकन पसरते. त्यात काही खरे नाही असेही नाही. जे खरे आहे ते मी पुढे मान्य करणारच आहे. पण टायरची तुलना मुळात फसवी आहे. ती का फसवी आहे हे चारचौघांत गप्पा मारून कळत नाही, त्यासाठी एखाद्या गाडीच्या पोटाखाली शिरावे लागते. मी पोर्शे ९११ घेतो. या वादात सर्वांत जास्त आरडाओरडा तिच्याच नळ्यांवरून होतो, हे एक कारण. आणि तिच्या एक्झॉस्टकडे कारखान्याने जितकी कामे सोपवली तितकी फार थोड्या गाड्यांत सोपवलेली आढळतात.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी आली ती ९०१ या नावाने. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून पुढच्या वर्षी ती ९११ झाली. मागच्या अॅक्सलच्याही मागे आडवे पडलेले इंजिन, सहा सिलिंडर, तीन या बाजूला आणि तीन त्या बाजूला. सुरुवातीला १९९१ सीसी आणि १३० अश्वशक्ती. इंजिन थंड ठेवायला पाणी नाही, एक मोठा पंखा. आता पाणी नाही म्हणजे रेडिएटर नाही, आणि रेडिएटर नाही म्हणजे तुमच्या-आमच्या गाडीत असतो तसला हीटरही नाही. बाकी गाड्यांत इंजिनाचे गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरवतात आणि त्यावरून हवा सोडतात. जर्मनीच्या थंडीत या गाडीतल्या माणसाला ऊब द्यायची कशी?

उत्तर एक्झॉस्टमध्ये शोधले गेले. प्रत्येक बाजूच्या तीन नळ्यांभोवती पत्र्याचा कोट चढवला. पंख्याच्या हवेतला थोडा हिस्सा या कोटात वळवला. तापलेल्या नळ्यांना घासत ही हवा गरम होते, पुढे एका झडपेतून दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत शिरते आणि तिथून पायांकडे व समोरच्या काचेकडे जाते. सीटांमधली दांडी वर केली की ऊब येते, खाली केली की तीच गरम हवा झडपेतून बाहेर सोडली जाते. या सगळ्या जोडणीला हीट एक्स्चेंजर म्हणतात. नेहमीच्या गाडीत जो मॅनिफोल्ड असतो तोच इथे हीटरही आहे. इंजिन जितके जोरात फिरेल तितका पंखा जोरात, तितकी ऊब जास्त. चढावर गाडी घातली की पाय भाजतात आणि सिग्नलला उभे राहिले की गारठतात, असे तिचे मालक पिढ्यान् पिढ्या हसत सांगत आले आहेत.

दुसरे काम याहून नाजूक. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-६-२-४-३-५. डावीकडे पहिला, दुसरा, तिसरा सिलिंडर. उजवीकडे चौथा, पाचवा, सहावा. क्रम पुन्हा वाचा: एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, असा आलटून पालटून. म्हणजे कोणत्याही एका बाजूचे तीन सिलिंडर दर २४० अंशांनी, अगदी समान अंतराने पेटतात. तीन सारख्या लांबीच्या नळ्या एका तोंडाशी आणून जोडायला यापेक्षा चांगली परिस्थिती इंजिनियरला मिळत नाही. एका सिलिंडरचा धूर निघून जाताना मागे जी ओढ निर्माण करतो ती पुढच्या सिलिंडरच्या उपयोगी पडते. १९७४ पर्यंतच्या एक्स्चेंजरची मांडणी याच विचाराने केलेली होती. नळीची लांबी, आतला व्यास, जोडाचा कोन यांचा हिशेब कॅमशाफ्टच्या आणि कार्ब्युरेटरच्या जेटच्या हिशेबाबरोबरच झालेला असतो.

आता टायर आठवा. टायर बदलला तर इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. नळी बदलली तर इंजिन बदलते, काच पुसण्याची सोय बदलते, पंख्याची हवा किती आणि कुठे जाते हेही बदलते. गरम हवामानाच्या भागातले लोक एक्स्चेंजर काढून नुसते उघडे हेडर लावतात, कारण त्यांना हीटर नको असतो. मग पंख्याकडून येणारी हवेची वाट बुजवावी लागते, आणि पहिल्या पावसात समोरची काच आतून धुरकटली की फडक्याने पुसत बसावे लागते. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात जुनी गाडी काढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. झिजणारा भाग म्हणजे ज्याच्या जागी दुसरा आला तरी बाकी गाडी जशीच्या तशी राहते तो. एक्झॉस्ट गंजतो एवढ्यावरून तो त्या वर्गात जात नाही. गाडीचा पत्राही गंजतो. म्हणून दरवाजाला कुणी स्पार्क प्लगच्या रांगेत बसवत नाही.

इथे समोरून उत्तर येते: ठीक आहे, पण चांगली स्टेनलेसची जोडी हुबेहूब त्याच मापाची मिळते, मग हरकत काय? चांगली जोडी खरोखर चांगली असते, याबद्दल वाद नाही. पण ती हुबेहूब कशी झाली? कुणीतरी, कधीतरी, एक न बिघडलेली मूळ जोडी टेबलावर ठेवून तिची मापे घेतली म्हणून. पुढे त्या नकलेची नक्कल निघते, तिची आणखी स्वस्त नक्कल निघते, आणि प्रत्येक पायरीवर थोडे थोडे काहीतरी सुटते. फ्लँजचा कोन अर्ध्या अंशाने चुकतो, आधाराची पट्टी चार मिलिमीटर सरकते, नळीचा आतला व्यास बाजारात सहज मिळणाऱ्या पाइपाच्या मापाला जाऊन टेकतो. मग सायलेन्सर बसवताना मिस्त्री जॅकने रेटतो, पट्टा ओढून आवळतो, आणि शेवटी मागे उभे राहून पाहावे तर धुराची नळी मागच्या पत्र्याच्या खाचेत मध्यावर येण्याऐवजी एका कडेला चिकटलेली. ती चिकटलेली नळी महिनाभरात तिथला रंग तपकिरी करून टाकते. ही खूण मी इतक्या सुंदर रंगवलेल्या गाड्यांवर पाहिली आहे की आता माझी नजर आधी तिथेच जाते.

नक्कल चुकली हे कळायला मूळ वस्तू हाताशी असावी लागते. ती भंगारात गेली की चुकीची नक्कल हेच प्रमाण होऊन बसते. ‘मिळते आहे ना नवी’ या दिलाशाचा पायाच त्या गंजक्या पत्र्यावर उभा आहे, आणि हे मत त्या पायाचेच भंगार करायला निघाले आहे.

आता आमच्याच बाजूच्या दोन लंगड्या युक्तिवादांचा समाचार घेतो, कारण विरोधकांना फुकटचे बळ त्यांतूनच मिळते.

पहिला युक्तिवाद शास्त्राचा आव आणतो. साध्या पोलादाच्या मानाने स्टेनलेसमधून उष्णता फार कमी वाहते, साधारण एक तृतीयांश. म्हणून स्टेनलेसच्या एक्स्चेंजरने गाडी नीट तापत नाही, असे सांगतात. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चूक. नळीची भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची. खरी अडचण धुराकडून भिंतीकडे आणि भिंतीकडून हवेकडे उष्णता जाताना येते. मधली पातळ भिंत कोणत्या धातूची आहे याने फारसे बिघडत नाही. फरक पडतो तो कोटाच्या आतल्या आकाराने, म्हणजे हवा नळ्यांना किती वेळ आणि किती जवळून घासते त्याने. स्टेनलेसची खरी खोड दुसरी आहे. एक्झॉस्टसाठी सर्रास वापरतात ते ३०४ जातीचे स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. ज्याने हे गृहीत धरून जोड केले त्याची जोडी वर्षानुवर्षे टिकते. ज्याने फक्त चकाकी विकली त्याच्या वेल्डिंगला तडे जातात.

दुसरा युक्तिवाद पैशाचा. मूळ एक्झॉस्ट असला की लिलावात भाव चढतो, म्हणून तो ठेवा. भाव चढतो हे खरे. १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ फक्त १५८० बनली. तिच्या प्रत्येक नटाला आज भाव आहे. पण भाव हे कारण म्हणून पुढे केले की सटोडियाचा आरोप आपणच ओढवून घेतो. उद्या बाजार उतरला तर नळी फेकायची का? आणि ज्या गाडीला बाजारच नाही तिच्या नळीचे काय? किंमत आणि मोल या दोन गोष्टींची गल्लत या वादात दोन्हीकडून होते, आणि दोन्हीकडचे लोक मग लिलावाची पुस्तिका उघडून बसतात.

तर मग मोल कशात? आवाजापासून सुरुवात करतो.

आपल्याकडे सायलेन्सर बदलणे म्हणजे आवाज वाढवणे, एवढाच अर्थ रूढ झाला आहे. बुलेटचे बदललेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून पोलिसांनी त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांनी पुष्कळदा छापली आहेत. त्या रोडरोलरबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीतही हीच समजूत चालते हे चमत्कारिक आहे. गाडी जुनी आणि वेगवान म्हणजे ती गरजलीच पाहिजे, असे लोक धरून चालतात आणि ‘स्पोर्ट’ नावाचा रिकामा डबा मागे लटकवतात. साठच्या दशकातली रस्त्यावरची ९११ अशी गरजत नसे. तिचा सायलेन्सर भला मोठा, दोन्ही बाजूंचा धूर आत घेऊन एकाच नळीतून बाहेर सोडणारा. त्यामुळे पंख्याची शिट्टी, व्हॉल्व्हची टकटक आणि इंजिनाचा कोरडा खर्ज हे तिन्ही वेगवेगळे ऐकू येत. एक्झॉस्टने बाकीच्यांना गिळलेले नसे. लांबच्या प्रवासाला जोडीने निघता यावे, बोलता यावे, अशी ती गाडी होती. हे आज सिद्ध करायचे तर पुरावा कुठला? जाहिरातीतले वर्णन नव्हे, जुन्या फिल्मवरचा खरखरता ध्वनी नव्हे. न बिघडलेला मूळ सायलेन्सर, त्याच सालच्या इंजिनावर. त्याच्याशिवाय आपण आपल्याच आवडीचा आवाज भूतकाळावर लादत राहतो.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र जिवाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. हीट एक्स्चेंजरची आतली नळी गंजून भोक पडले, तर कोटातून गाडीत येणाऱ्या हवेत धूर मिसळतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो; त्याला रंग नाही, वास नाही. पन्नास वर्षांचा पत्रा अंगावर ऊब घ्यायला वापरणे हा जुगार आहे, असे ते म्हणतात. तपासणी न करता वापरला तर तो जुगारच आहे, हे शंभर टक्के मान्य. माझ्या ओळखीत कुणी असा एक्स्चेंजर नुसता रंगवून परत बसवू लागला तर मी त्याच्या गाडीत बसणार नाही.

पण या मुद्द्याचा निष्कर्ष ‘फेका’ असा कसा निघतो? निघतो तो ‘तपासा’ असा. नळ्यांची तोंडे बंद करून आत हवेचा दाब द्यायचा आणि जोडांवर साबणाचे पाणी सोडायचे. बुडबुडा आला की भोक सापडले. बाहेरचा कोट कापून उघडता येतो, आतली नळी सांधता किंवा बदलता येते, कोट पुन्हा जोडता येतो. हे काम करणारे कारागीर जर्मनीत आणि अमेरिकेत आहेत. ज्याने आपल्या शहरातल्या गॅरेजमधली वेल्डिंगची सफाई पाहिली आहे त्याला ते इथेही अशक्य वाटू नये. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली तर त्यात आंबट शिजवणे धोक्याचे, हे आजीलाही माहीत होते. म्हणून तिने पातेले मोडीत घातले नाही, कल्हईवाल्याला हाक मारली. आणि नळी सांधण्यापलीकडे गेली असेल तर खुशाल नवी जोडी बसवा आणि जुनी फळीवर ठेवा. फळीवरच्या एक्स्चेंजरने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही.

शिवाय उबेबरोबर येणारा प्रत्येक वास भोकाचाच असतो असेही नाही. सिलिंडरच्या बाजूचे ऑइल खाली इंजिनाच्या पोटात परत नेणाऱ्या नळ्या नेमक्या एक्स्चेंजरच्या वर असतात. त्यांच्या रबरी रिंगा म्हाताऱ्या झाल्या की थेंब थेंब ऑइल तापल्या पत्र्यावर गळते, धूर होतो आणि गाडीत जळका वास येतो. मालक घाबरून एक्स्चेंजरला दोष देतो आणि रिंगांच्या पैशांत होणाऱ्या कामासाठी मूळ जोडी घालवून बसतो.

गंजाविषयीही एक गैरसमज आहे. एक्झॉस्ट वापराने झिजतो असे म्हणतात. जपून ठेवलेल्या गाडीचा एक्झॉस्ट बहुतेकदा न वापरल्याने मरतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर. गाडी तासभर चालली की सगळी प्रणाली तापते आणि ही वाफ बाहेर निघून जाते. रविवारी सकाळी गॅरेजमध्येच पाच मिनिटे इंजिन चालू करून, मित्रांना आवाज ऐकवून, परत कापड झाकले की तीच वाफ थंड सायलेन्सरच्या तळाशी पाणी होऊन बसते, सोबत धुरातले आम्लही. मग सायलेन्सर आतून कुजतो. बाहेरून ठणठणीत दिसणारा डबा बोटाने टिचकी मारल्यावर मऊ वाजतो तो यामुळे. झिजणारा भाग म्हणून ज्याची हेटाळणी करायची त्याचा खून आपणच आठवड्यातून पाच मिनिटे करत असतो.

‘काढा आणि बदला’ हे बोलायला तीन शब्द आहेत. काढताना काय होते ते एकदा पाहावे. एक्स्चेंजर सिलिंडर हेडला स्टडवर आवळलेला असतो. काही नट उघडे, साध्या पान्याने लागणारे. काही लांबट नळीसारखे, एक्स्चेंजरच्या भोकातून आत दडलेले, ज्यांच्यासाठी आठ मिलिमीटरची लांब अॅलन की लागते. पन्नास वर्षे तापून आणि थंड होऊन नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. घाई करणारा जोर लावतो. आधी थोडे हलल्यासारखे वाटते, हाताला एकदम हलके लागते, आणि मिस्त्री चेहरा वर न करता एक शिवी देतो: स्टड तुटला. आता हेडच्या अॅल्युमिनियममधून पोलादाचा तो तुकडा ड्रिलने काढायचा, ड्रिल जरा सरकले की मऊ अॅल्युमिनियम आधी खाल्ले जाते, आणि कधी कधी एवढ्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते. शहाणा माणूस आधी नट टॉर्चने तापवतो, त्यात मेण जिरवतो, थांबतो, पुन्हा तापवतो. म्हणून चांगला चालणारा मूळ एक्स्चेंजर निव्वळ चकाकीसाठी उतरवणे हा मला व्यवहारीपणाचा नमुना वाटत नाही. त्याला हौस म्हणा.

आता मीच माझ्या विरुद्धचा पुरावा मांडतो, कारण तो कुणी ना कुणी मांडणारच.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले. १९७५ पासून आधी कॅलिफोर्नियात आणि १९७७ पर्यंत साऱ्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ९११ ला थर्मल रिअॅक्टर लावले गेले. एक्झॉस्टच्या तोंडाशीच बसवलेल्या या जाड डब्यांत अर्धवट जळलेले पेट्रोल पुन्हा जाळायचे, अशी कल्पना. डबे भयंकर तापत. त्यांच्यावर बसलेल्या २.७ लिटर इंजिनाची केस मॅग्नेशियमची. त्या उष्णतेने केसमधले हेड स्टड सैल होऊन उपटून येऊ लागले. मालकांनी रिअॅक्टर काढून जुन्या पद्धतीचे एक्स्चेंजर लावले आणि इंजिने वाचली. तर मग, विरोधक विचारतील, हा मूळ भागही पुजायचा का?

नाही. माझी गाडी असती तर मीही तो उतरवलाच असता. मूळ भाग आहे म्हणून तो गाडीवरच चालवला पाहिजे, असे मी कुठेच म्हटलेले नाही. हे सोवळ्यांचे म्हणणे आहे आणि त्यांच्याशी माझे भांडण वेगळे आहे. पण तो रिअॅक्टर फेकून देणारा माणूस काय फेकतो ते पाहा. एका देशाच्या कायद्याने एका कारखान्याला किती घाईत कुठे ढकलले, आणि पुढे कंपनीने १९७८ च्या एससी मॉडेलला मॅग्नेशियम सोडून पुन्हा अॅल्युमिनियमची केस का दिली, याच्या सगळ्या चर्चेतला एकमेव बोलका लोखंडी साक्षीदार तो डबा आहे. यशस्वी भाग सगळेच जपतात. फसलेला भाग जपायला इतिहासाची थोडी चाड लागते.

याच सुमाराची दुसरी गंमत. १९७५ पासून कारखान्याने एक्स्चेंजरची ती जुनी मोकळी मांडणी सोडली. आज ऐंशीच्या दशकातल्या गाडीचे मालक तिचा मूळ एक्झॉस्ट काढून १९७४ पूर्वीच्या धर्तीची स्टेनलेसची जोडी बसवतात आणि वर म्हणतात, गाडी ‘अस्सल’ झाली. त्यांना ताकद हवी आहे, ती मिळतही असेल. त्यात गैर काही नाही. मात्र १९८४ च्या गाडीवर १९७३ चे रूप चढवून त्याला अस्सल म्हणणे म्हणजे नातवाला आजोबांचा कोट घालून त्याला आजोबा म्हणणे झाले. या गाड्यांचे मूळ एक्स्चेंजर आज सर्वांत स्वस्त आहेत, म्हणून तेच सर्वांत वेगाने नाहीसे होत आहेत. तीस वर्षांनी त्यांचा शोध सुरू होईल आणि तेव्हा हेच लोक भाव पाहून हळहळतील.

सोवळ्यांसाठी दोन शब्द. मूळ म्हणजे कारखान्यातून बाहेर पडले तेवढेच, असे मानले तर कार्लो अबार्थचे काय करायचे? १९४९ साली इटलीत त्याने कंपनी काढली. तिच्या शर्यतींच्या गाड्या गाजल्या, पण सायलेन्सरची विक्री हा तिच्या धंद्याचा मोठा आधार होता. फियाटच्या छोट्या गाड्यांपासून पोर्शे ३५६ पर्यंत अनेक गाड्यांसाठी काळ्या डब्याचे, विंचवाच्या चिन्हाचे हे सायलेन्सर मिळत. एखाद्या तरुणाने नव्या फियाटला पहिल्याच वर्षी अबार्थचा सायलेन्सर लावला, आणि साठ वर्षे तो तिथेच आहे. आता कुणी रिस्टोरर येऊन तो उपटतो आणि कारखान्याच्या यादीप्रमाणे साधा डबा लावतो. त्याने गाडी मूळ रूपात आणली की तिच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट पुसली? माझ्या मते दुसरे. मूळ म्हणजे त्या गाडीचे, त्या काळाचे. भागाच्या क्रमांकांची वही घेऊन फिरणाऱ्या परीक्षकांना हे पचत नाही, तो त्यांचा प्रश्न.

जॅग्वार ई-टाइपचेही तेच. १९६१ साली जिनिव्हात ती गाडी अवतरली तेव्हा तिच्या लोखंडी मॅनिफोल्डवर काळे चकचकीत काचेचे एनॅमल भाजलेले होते. ते तडकते, टवके उडतात. आता सर्रास वाळूचा मारा करून ते उडवतात आणि उष्णता सोसणारा रंग फवारतात. रंग दिसतोही छान. पण टवके उडालेले मूळ एनॅमल हे त्या कारखान्याच्या कामाचा नमुना होते, आणि वाळूने उडवल्यावर ते कुठल्याही किमतीला परत येत नाही.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत हीच दिशा आहे: वाहन चालते ठेवा, शक्य तितके मूळ राखा, बदललेले ओळखू येऊ द्या. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. या व्याख्येत सायलेन्सरचे नाव नाही. पण आता कोणत्या गाड्या पन्नाशी ओलांडत आहेत ते पाहा: १९७३, १९७४, १९७५. म्हणजे नेमक्या त्याच गाड्या ज्यांच्या नळ्यांवरून हा सगळा वाद आहे. ‘मूळ रूप’ म्हणजे काय, असा प्रश्न उद्या एखाद्या तपासणी समितीपुढे आला, तर ती तुलना कशाशी करणार? चकचकीत नकलेशी?

विरोधकांपैकी जे प्रामाणिकपणे गाडी चालवणारे आहेत त्यांच्याशी माझे खरे तर भांडण नाही. त्यांनी स्टेनलेस लावावा, महाबळेश्वरचा घाट चढावा, मनसोक्त चालवावी. उतरवलेल्या नळ्यांना आतून-बाहेरून ऑइल लावावे, तोंडे कापडाने बांधावी, गाडीचा चॅसी क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी तारेने अडकवावी आणि माळ्यावर टाकावे. दोन एक्स्चेंजर आणि एक सायलेन्सर मिळून काही खोलीभर जागा खात नाहीत. गाडी विकताना ते गाडीबरोबर द्यावेत. वेगळे विकायचेच असतील तर घेणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे, कागदावर लिहून द्यावे. भंगारवाला त्यांचा भाव किलोवर करतो, आणि तुम्हीही किलोवरच करणार असाल तर निदान गाडीच्या जाहिरातीत ‘संपूर्ण ओरिजिनल’ असे छापू नका.